साहेबाची चूप

आमच्या घरात हळू कोणी बोलत नसे. हळू बोलणारा माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर मनात काहीतरी लपवत असतो, अशी मायची पक्की समजूत होती. बाबूजी ओसरीवरून बोलले की आवाज थेट बोडीच्या पाळीवर जायचा, आणि आमच्या त्या लहानशा तळ्यात म्हशी धूत असलेला गडी तिथूनच उत्तर द्यायचा. त्यावर पुन्हा बाबूजींचं उत्तर. मधल्या घरांना आमच्या शेतीची सगळी खबर फुकटात मिळायची. सकाळी काकी ढेकीवर धान कांडायला उभी राहिली की जमिनीतून धप धप सुरू व्हायचं आणि त्याच तालावर माय लाखोरीच्या डाळीचे वडे थापायची. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे नुसतं बाई म्हणायचो, अंगण झाडताना मोठ्यानं गायची आणि निम्मे शब्द चुकीचे गायची. मी सर्वांत धाकटी. माझं कोणाला ऐकू जायचं तर मला सगळ्यांपेक्षा जास्त ओरडावं लागे. आज माझी सून म्हणते, आई, फोनवर एवढ्या मोठ्यानं नका बोलू, पलीकडे ऐकू येतं. मी म्हणते, बाई गं, आमच्याकडे फोन नव्हता, म्हणून तर हा गळा तयार झाला.

या सगळ्या गदारोळावर कळस म्हणजे काकाजींचा ढोल. काकाजी म्हणजे बाबूजींचे धाकटे भाऊ. जमीनदारी गेली तेव्हा दूरच्या एका जमीनदाराच्या घरचं बँडचं सामान निघालं, आणि काकाजींनी बाबूजींना न विचारता धानाची गाडी नेऊन रिकामी केली आणि ढोल, पितळी कर्णे, दोन क्लॅरिनेट, असं सगळं भरून आणलं. बाबूजी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत, म्हणजे ओरडले, पण बोलले नाहीत. सोयऱ्यांत बोभाटा झाला की कामठ्याचे पाटीदार, म्हणजे आम्ही, आता लोकांच्या लग्नात वाजवणार. काकाजींनी तो मनावर घेतला नाही. काकी त्या मोठ्या ढोलाला सवत म्हणायची आणि सणासुदीला त्याला हळदकुंकूही लावायची. हळूहळू गावातली दहा-बारा माणसं जमली. बांगड्यांची टोपली घेऊन गावोगाव हिंडणारे सुलेमानचाचा क्लॅरिनेट फुंकू लागले, बाकीचे सगळे आमच्यासारखेच धानवाले. कापणी-मळणी उरकली की खळ्यावर त्यांचा सराव चाले. त्यांना चाली बऱ्याच येत, पण वाजवायची रीत एकच येई. सगळ्यांनी एकदम सुरू करायचं आणि श्वास संपेपर्यंत थांबायचं नाही.

अशात गावाजवळच्या केंद्रात ग्रामसेविकांना शिकवायला एक अमेरिकन मॅडम आल्या आणि त्यांच्यासोबत त्यांचे यजमान आले. मॅडम सकाळी जीपमधून जायच्या, बिनधुराच्या चुली, मुलांचं वजन, असलं काय काय शिकवायच्या. साहेबांना मात्र काहीच काम नव्हतं. बायको कामाला आणि बुवा घरी, हे गावाला इतकं आवडलं की पाणवठ्यावर महिनाभर दुसरा विषय नव्हता. त्यांचं नाव हार्लन असं काहीतरी होतं. गावानं ते दोन दिवसांत हरलाल करून टाकलं. उंच, लालबुंद, कान मोठे, आणि सायकल चालवताना गुडघे हँडलला लागायचे. एकदा गोंदियाहून येताना त्यांनी रस्त्यात आमचा बँड ऐकला. एक वरात चालली होती. साहेबांनी सायकलवरून मान वळवली, ती वळलेलीच राहिली, आणि सायकल बांधावरून सरळ धानाच्या बांधीत. चिखलातून उठून ते तसेच वरातीमागे चालत राहिले, पार मांडवापर्यंत. नवरीकडच्यांना वाटलं नवरदेवाकडचे पाहुणे असतील. त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं, पाटावर बसवलं आणि चिन्नोरचा भात वाढला.

तिथे काकाजींची आणि त्यांची गाठ पडली आणि दुसऱ्याच दिवशी साहेब आमच्या खळ्यावर हजर. मोडक्या हिंदीत त्यांनी सांगितलं की त्यांच्या देशात ते बँडसाठी नवीन चिजा लिहितात आणि कॉलेजात पोरांना शिकवतात. तिकडे शंभर-शंभर पोरं खुर्च्यांवर बसून वाजवतात, आणि लोक दुसऱ्या खुर्च्यांवर बसून ऐकतात. काकाजींनी हे नीट ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, ‘आनि नाचते कोन?’ कोणीच नाही, असं साहेब म्हणाले. काकाजींना त्यांची फार दया आली. त्यांनी मला घरात पिटाळलं आणि साहेबांसाठी वडे आणवले. त्या दिवसापासून साहेब आमच्याकडे जेवू लागले. मिरची लागली की ते मोठ्यानं गात सुटत, म्हणून माय मुद्दाम त्यांच्या वड्यात एक जास्त घालायची. बाबूजींनाही ते आवडले, कारण ते हळू बोलत नसत.

साहेबांनी आमच्या बँडसाठी एक नवीन चीज लिहायला घेतली. खाटेवर बसून कागदावर रेघा मारायचे आणि त्यांवर काळे ठिपके, शेपट्यांसकट, अगदी बोडीतल्या बेडकाच्या पिल्लांसारखे. ती वाचणारं आमच्यात कोणी नव्हतं, म्हणून प्रत्येकाचा भाग ते तोंडानं गाऊन शिकवायचे. कर्ण्याचा गाताना गाल फुगवायचे, ढोलाचा गाताना छाती बडवायचे. पोरंसोरं, म्हातारे, शेजारच्या सासवा-सुना, सगळे खळ्याच्या कडेला जमायचे. सुरुवात सुरेख जमली. पण मध्ये एके ठिकाणी साहेब हात वर करून म्हणायचे, ‘रेस्ट.’ रेस्ट म्हणताच वाजवणारे वाद्यं खाली ठेवायचे, कोणी बिडी पेटवायचं, कोणी मुर्रा-फुटाणे खायला बसायचं, एक जण तर धोतर झटकून आडवाच व्हायचा. रेस्ट म्हणजे आराम, एवढं इंग्रजी गोंदियाच्या बाजाराला जाणाऱ्या कोणालाही कळत होतं. सरकारी रेस्ट हाउस सगळ्यांनी पाहिलेलं होतं. साहेबांना वाटायचं यांना दम लागतो. सगळ्यांना वाटायचं साहेब मोठा दयाळू माणूस आहे. असं आठवडाभर चाललं. शेवटी सुलेमानचाचांना उलगडा झाला की वाजवणं संपलेलं नाही, वाजवता वाजवता मधेच सगळ्यांनी एकदम गप्प व्हायचं आहे आणि मग एकदम सुरू व्हायचं आहे. त्यांनी रेस्टला ‘चूप’ म्हटलं, आणि तेव्हापासून ती साहेबाची चूप झाली.

चूप समजली, पण जमेना. बाकीचे थांबायचे, काकाजींचा हात थांबायचा नाही. साहेबांचा हात वर, सगळं शांत, आणि त्या शांततेत एकटा ढोल, धम धम. साहेब डोकं धरून खाली बसायचे. काकाजी शरमायचे, कान पकडायचे आणि पुन्हा तेच. खरं कारण त्यांनी एके दिवशी बाबूजींच्या देखत सांगितलं. आमच्याकडे वरात घरून निघाली की मांडवापर्यंत वाजा थांबत नाही. थांबतो तो एकाच ठिकाणी, ज्या घरात कोणी नुकतं गेलेलं असेल त्या घरासमोर. तिथे सगळे गप्प चालतात आणि ते घर ओलांडलं की पुन्हा सुरू करतात. ‘वाजा बंद झाला का लोक पुसतेत, कोन गेला,’ काकाजी म्हणाले. ‘आता माह्या हातालेच हे ठावं हाये. मी काय करू?’ साहेबांनी हे सुलेमानचाचांकडून दोनदा समजावून घेतलं. मग बराच वेळ ते खळ्यावर येरझारा घालत राहिले आणि चूप काही त्यांनी काढली नाही.

याच दिवसांत बाईचं लग्न ठरलं. याआधी एकदा ठरून मोडलं होतं. सुपारी फोडताना तिकडचा कोणी म्हातारा शिंकला आणि पाहुणे चहा न पिता उठले, एवढ्यावर. एक शिंक, पण तिचा आवाज पंचक्रोशीत गेला, आणि दोन वर्षं आमच्या ओसरीवर कोणी पाहुणा आला नाही. त्यामुळे कोहमाऱ्याच्या अलीकडचं हे स्थळ जमलं तेव्हा बाबूजींनी देवळात नारळ फोडला. हेही मोडलं तर बाईला तिसऱ्यांदा पाहायला कोणी येणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि आमच्या त्या ओरडणाऱ्या घरात एवढी एकच गोष्ट कोणी बोलत नव्हतं. त्यातून व्याही शकुन-अपशकुन फार मानणारे. आणि दुसरी एक काळजी बाबूजींना आतून खात होती. सुपारी फुटल्यापासून बाई गायची थांबली होती. अंगण झाडायची, पण गप्प. मुलगा तिनं एकदाच पाहिला होता, आणि तो बिचारा बशीतला चहा सदऱ्यावर सांडून मान खाली घालून बसला होता. तो तिला आवडला की नाही? त्या काळी बाप असं विचारत नसे. बाबूजींनी मायला विचारायला लावलं, मायनं विचारलं, बाई हळूच म्हणाली, काही नाही. मायची ती हळू बोलणाऱ्या माणसांबद्दलची समजूत तुम्हाला ठाऊकच आहे. बाबूजी रात्री कूस बदलत राहायचे.

लग्नात साहेबांची चीज वाजणार हे काकाजींनी परस्पर जाहीर करून टाकलं होतं. बाबूजींनी ते कबूल केलं, पण खळ्यावर येऊन, सगळ्यांसमोर एक अट घातली. ‘बाकी जे वाजवाचं ते वाजवा. पन त्या दिसी चूप नाही पायजे. समजलं का गा?’ काकाजींनी मान डोलावली. साहेबांचं तोंड पडलं, पण त्यांनीही कारण समजून घेतलं, आणि चूप जिथे होती तिथे ढोलानं सरळ चालत राहायचं असं ठरलं. काकाजी खूश झाले. म्हणाले, माझ्या हाताला पहिल्यापासून हेच पाहिजे होतं.

लग्नाच्या दिवशी वरात दुपारी आली. शाळेत जानवसा दिला होता. भजी, चहा, पान झालं आणि ऊन उतरल्यावर वरात मांडवाकडे निघाली. मी करवली, डोक्यावर कलश घेऊन पुढे. माझ्या मागे आमचा बँड, त्यांच्या मागे घोड्यावर नवरदेव, घोड्याचा लगाम धरून व्याही, मग नाचणारे, मग पाहुण्यांची गर्दी, आणि अगदी शेवटी एका रेंगीत, म्हणजे बसायच्या हलक्या बैलगाडीत, व्याह्यांचे मामाजी. ते त्या घरातले सर्वांत वडील. दात एकही नाही, कान कमी, आणि शाळेतून निघताना गादीवर लवंडले ते जे झोपले, ते बँड कानाशी वाजत असूनही झोपलेलेच. साहेब बँडसमोर उलटे चालत होते, दोन्ही हात हवेत. ते एकदा शेणात घसरले, एकदा कोणाच्या तरी बैलाला पाठ लावून उभे राहिले आणि बैलाची माफी मागितली. साऱ्या गावात हसू पिकलं होतं. सुलेमानचाचांची क्लॅरिनेट अशी काही बोलत होती की नाचणाऱ्यांचे फेटे सुटले. आजकाल आमच्या समोरच्या मंगल कार्यालयात डीजे लागतो आणि खिडकीच्या काचा थरथरतात, पण त्या दिवशी माझ्या डोक्यावरच्या कलशातलं पाणी नाचत होतं, ते वेगळं.

आणि मग ती जागा आली. तीन महिने जे हात थांबायला तयार नव्हते, ते त्या दिवशी, थांबू नका असं सांगितल्यावर, आपल्या मनानं थांबले. काकाजी शेवटपर्यंत शपथेवर सांगत की मी थांबलोच नाही, ढोल थांबला. ढोल थांबला म्हणून कर्णे थांबले, चाचा थांबले, आणि भर गल्लीत एकदम शांत झालं. दूर कुठेतरी एक बकरी ओरडली ती ऐकू आली. आता चार ठोके मोजून पुन्हा सुरू व्हायचं, पण सगळे एकमेकांची घाबरलेली तोंडं पाहत राहिले, आणि साहेब, त्यांचा हात वर तो वरच. आयुष्यात पहिल्यांदा आपली चूप नीट जमली याचा त्यांना इतका आनंद झाला की हात खाली आणायचं ते विसरून गेले.

मधल्या गर्दीतल्या कोणीतरी विचारलं, ‘कोन गेला?’ ते मागच्यानं त्याच्या मागच्याला विचारलं. असं जाता जाता त्यातला प्रश्न कुठेतरी गळून पडला. कोन गेलाचं कोनी तरी गेला झालं, आणि शेवटी गर्दीनं रेंगीत डोकावून पाहिलं तर मामाजी डोळे मिटून, तोंड उघडं टाकून पडलेले. तिथे एकीनं हंबरडा फोडला. तिच्यामागे साऱ्यांनी. पुरुषांनी फेटे काढले. एक पोरगा पळत मांडवात जाऊन सांगून आला की नवरदेवाकडचा माणूस गेला. कोणता ते त्यानं सांगितलं नाही. आत बाईच्या अंगाला हळद होती, कपाळाला बाशिंग होतं, आणि काकी मला नंतर म्हणाली, पोरगी जमिनीवर बसली ती भिंतीसारखी पांढरी.

बाबूजी अनवाणी धावत आले. तोवर व्याह्यांनी घोड्याचं तोंड फिरवलं होतं. ते ओरडले नाहीत, आणि त्यामुळेच मी जास्त घाबरले. ‘वरात येथून परत जाते जी,’ ते म्हणाले. ‘याच्यापेक्षा मोठा अपशकुन कोनता?’ बाबूजींनी हात जोडले. घोड्यावरचा नवरदेव काहीतरी बोलायला गेला, त्याला कोणी बोलू दिलं नाही. काकाजींनी ढोल खाली ठेवला आणि त्याच्यावर डोकं टेकून रडू लागले. कलश माझ्या हातातून सुटला आणि पायांवर पाणीच पाणी झालं.

आणि तेवढ्यात रेंगीतून खणखणीत आवाज आला, ‘वाजा काऊन बंद झाला गा?’ मामाजी उठून बसले होते. जानवशापासून ज्या बँडनं त्यांची झोप मोडली नाही, ती त्या शांततेनं मोडली होती. त्यांच्या पायाशी त्यांचीच सून छाती बडवत होती. त्यांनी तिला विचारलं काय झालं, तर ती आणखी मोठ्यानं रडू लागली. मग एका पोरानं त्यांच्या कानात ओरडून सांगितलं की आजोबा, तुम्ही मेले. मामाजींनी ते दोनदा वदवून घेतलं. ‘म्हंजे हे सारे माह्यासाठी रडून राहिले?’ त्यांचा चेहरा फुलला. आमच्याकडे अजूनही मानतात की जिवंत माणसाच्या मरणाची खोटी बातमी उठली तर त्याचं आयुष्य वाढतं. मामाजींनी रेंगीवर उभं राहून व्याह्यांना बोटानं जवळ बोलावलं. ‘बाबू, भर वरातीत घरच्या बुढ्याचं आयुष्य वाढलं. आनि तू अपशकुन म्हनतं? घोडा फिरव. आनि वाजेवाल्याले सांग, ते मंघाचं अजून एकदा करा, माहं अजून वाढू द्या.’ घरातल्या सर्वांत वडिलांपुढे व्याही काय बोलणार? घोडा फिरला.

बँडनं ती चीज पहिल्यापासून वाजवली. चूप आली तेव्हा सारं गाव श्वास धरून उभं राहिलं, आणि ढोल पुन्हा वाजला तेव्हा जो जल्लोष झाला त्यात मामाजी रेंगीवरच नाचू लागले आणि त्यांना धरायला चौघे लागले. साहेब रडत होते. पंगतीत बाबूजींनी त्यांना विचारलं, साहेब, तुम्ही कायले रडले? साहेब आपल्या हिंदीत म्हणाले, ‘हमारा देश में इस चूप में लोग खाँसता है.’ आणि जिलेबी खात खात पुन्हा रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवणी. रीतीप्रमाणे नवरी रडणार, रीतीप्रमाणे वाजा इतक्या जोरात वाजणार की तिचं रडणं तिच्यापुरतं राहील. मी पाठराखीण म्हणून रेंगीत बाईजवळ बसले होते. पुढे बैलांपाशी नवरदेव. बाईनं पदर तोंडावर ओढून माझ्या खांद्यात डोकं खुपसलं होतं आणि ती गदगदा हलत होती. माय रडत होती, काकी रडत होती, शेजारणी एकमेकींना सांगत होत्या की पोरीनं फार मनाला लावून घेतलं. बाबूजी चाकाला हात लावून उभे होते. बाईच्या हलणाऱ्या पाठीकडे पाहत होते आणि दोन महिन्यांची सगळी काळजी त्यांच्या तोंडावर आली होती. नवरदेव बैलांचा कासरा सारखा करायच्या निमित्तानं मागे वाकला आणि आमच्या कानाशी म्हणाला, ‘कोनी पुसलं कोन गेला, तं सांगजा, मी गेलो म्हनून.’ बाई आणखीच हलू लागली.

आणि बँड थांबला. साहेबांचा हात वर, काकाजींचा हात अगदी शहाण्यासारखा खाली, साहेबाची ती चूप. साऱ्या गल्लीत एकच आवाज राहिला. बाई हसत होती. हुंदके देऊन, पोट धरून, पदराच्या आत, थांबवूनही न थांबणारं ते हसू, ती अंगण झाडताना गायची तसंच मोठ्यानं. शेजारणींचे हात तोंडावर गेले. मायचा चेहरा लाजेनं लाल झाला. साहेबांनी पुढचा ठोका द्यायला हात हलवला आणि काकाजींनी टिपरू उचललं, तेवढ्यात बाबूजींनी पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं. मी त्यांच्या अगदी जवळ होते, तरी कान द्यावा लागला, इतक्या हळू ते बोलले.

‘राहू दे गा,’ बाबूजी म्हणाले. ‘आनखी थोडी राहू दे.’